साइनचं कोष्टक आणि हॅम रेडिओ

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने बजावलं होतं, "शाळेच्या आठवणी पुष्कळजण लिहिणार आहेत. तू तुझ्या त्या रेडिओच्या नादाबद्दल लिही." कोल्हापुरात नाद हा शब्द साधा नाही. कुणाला तालमीचा नाद, कुणाला फुटबॉलचा, आपल्या वर्गातल्या दोघांना गेली कित्येक वर्षं रंकाळ्यावर पहाटे चालण्याचा. मला हॅम रेडिओचा आहे, आणि त्यातही बोलण्यापेक्षा संच घरी बनवण्याचा. आपल्या बॅचच्या ग्रुपवर "म्हणजे वॉकीटॉकी का रे?" असं विचारलेलं अजून लक्षात आहे, म्हणून आधी दोन ओळी त्याबद्दल.

हॅम रेडिओ म्हणजे हौसेखातर चालवायचं बिनतारी केंद्र. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, व्हीयूने सुरू होणारं आपलं संकेतनाम मिळवायचं आणि नेमून दिलेल्या पट्ट्यांत जगातल्या इतर हौशी मंडळींशी बोलायचं. मध्ये ना मोबाईलचा टॉवर, ना इंटरनेट. धंदा करायला बंदी आहे. संच विकत आणला तरी चालतो, घरी बनवला तर जास्त मान मिळतो.

संच घरी बनवणाऱ्याचा खरा कस लागतो तो एकाच भागात: हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणं आणि ती जागेवर ठेवणं. बाकीचे भाग, म्हणजे आवाज मोठा करणं, गाळणं, एरियलला ताकद देणं, हे कमीअधिक जमून जातं. या लेखात फक्त त्या एका भागाचा इतिहास सांगतो. त्याचा शेवट ज्या चिपमध्ये होतो तिच्या पोटात आपल्या सगळ्यांच्या दप्तरातली एक वस्तू आहे. ती वस्तू म्हणजे लॉगटेबलचं पुस्तक.

सुरुवात कॉइल आणि कंडेन्सरपासून करावी लागेल. तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्याला जोडलेला कंडेन्सर ही जोडी झोपाळ्यासारखी ठराविक वेगाने झुलते. तिला वेळेवर धक्का देत राहणारी मंडलं अमेरिकेत हार्टली आणि कोलपिट्स या दोघांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात तयार केली. शंभर वर्षं उलटली तरी त्यांची नावं मंडलांना तशीच चिकटून आहेत. कंडेन्सर फिरता ठेवला की फ्रिक्वेन्सी बदलते. जुन्या रेडिओत स्टेशन लावायला जी बटणं फिरवायचो त्यांच्या मागे हाच फिरता कंडेन्सर असायचा. दुकानात त्याला 'गँग' म्हणायचे.

आता घरच्या रेडिओवर सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर लागायची. काटा केसभर इकडेतिकडे झाला तरी 'प्रपंच' म्हणा, नाट्यगीत म्हणा, ऐकू यायचंच. हॅमचं तसं नाही. आमचं बोलणं ज्या पद्धतीने जातं तिला सिंगल साइडबँड म्हणतात. त्यात फ्रिक्वेन्सी शंभर हर्ट्झ सरकली की माणसाचा आवाज बदलतो, तीनशे सरकली की बदक बोलल्यासारखं वाटतं. सात मेगाहर्ट्झवर शंभर हर्ट्झ म्हणजे सत्तर हजारांत एक भाग. एवढी चूक व्हायला कॉइलच्या मूल्यात पस्तीस हजारांत एक भाग फरक पुरतो. संच तापला, पंख्याचा वारा लागला, शेजारून ट्रक गेला, की झालाच तेवढा फरक.

त्यामुळे जुन्या लोकांनी केलेल्या खटपटी वाचताना हसू येतं आणि आदरही वाटतो. कॉइल चिनीमातीच्या नळीवर गुंडाळायची आणि मेणाने पक्की करायची. कंडेन्सर तापमानाने न बदलणारे, निवडून घ्यायचे. सगळं जाड ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद करायचं. संच अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा, मग बोलायला बसायचं. गँग अगदी हळू फिरावा म्हणून दात्यांची जोडणी लागायची. ती मात्र कोल्हापुरात चांगली व्हायची. उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवर मी स्वतः अशी एक जोडणी करून घेतली होती, आणि ती अजून माझ्या टेबलावर आहे. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, "हे कशाला लागतं ते सांगा" एवढीच अट घातली.

याच काळातली एक गोष्ट आपल्या राज्यातली आहे आणि ती सांगायलाच हवी. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द केले. तरी ऑगस्ट १९४२ मध्ये, 'चले जाव'चा ठराव होऊन पुढारी तुरुंगात गेल्यावर, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. यंत्राच्या बाजूला नरिमन प्रिंटर यांच्यासारखी बिनतारीचं काम जाणणारी मंडळी होती. शिकागो रेडिओ कंपनीच्या नानक मोटवाने यांची सामानासाठी मदत होती. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असल्याने केंद्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवलं जाई. नोव्हेंबर महिन्यात पोलिसांनी छापा घालून ते पकडलं. तोवर ते ४२.३४ मीटरवर बोलत होतं. मीटरचा हिशेब मेगाहर्ट्झमध्ये केला तर सुमारे ७.०८ येतात. आज देशभर घरगुती संच बनवणारे बहुतेक हॅम ज्या पट्टीवर असतात, नेमकी त्या पट्टीतली ही जागा आहे. घर बदलत, पकडलं जाण्याच्या भीतीखाली, लोकांना सांगितलेल्या त्याच जागी रोज उभं राहायचं. ऐकणारा ४२.३४ वर काटा लावून बसला आहे आणि तुम्ही दुसरीकडेच बोलत आहात, तर सगळी जोखीम वाया.

जागेवर राहण्यावरचा पहिला खरा उपाय म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक, क्वार्ट्झ. वॉल्टर कॅडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२१ च्या सुमारास क्वार्ट्झच्या चकतीने फ्रिक्वेन्सी बांधून दाखवली. चकती किती जाड त्यावर ती किती वेगाने कंप पावणार हे ठरतं, आणि उन्हापावसाने ते फारसं बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धात अशा चकत्या अफाट संख्येने घासल्या गेल्या आणि युद्ध संपल्यावर भंगारात आल्या. जगभरच्या हॅम लोकांनी त्या पावडर लावून काचेवर घासून आपल्या पट्टीत आणल्या. जरा जास्त घासली तर फ्रिक्वेन्सी वर निघून जायची आणि परत आणता यायची नाही. क्रिस्टलचा दोष एकच: एक क्रिस्टल, एक फ्रिक्वेन्सी. समोरचा पाच किलोहर्ट्झ बाजूला बोलत असेल तर तुम्ही ऐकत बसायचं.

म्हणजे फिरवता येतं ते स्थिर राहत नाही, आणि स्थिर राहतं ते फिरवता येत नाही. हा पेच पुढची पन्नास वर्षं पुरला. मधले उपाय भरपर झाले. क्रिस्टलशी तुलना करत फिरत्या मंडलाला सतत जागेवर ओढणारी फेज लॉक लूप ही कल्पना १९३२ पासून होती, पण ती घरगुती आवाक्यात आली आयसी निघाल्यावर. १९७३ मध्ये स्पारखारेन नावाच्या डच हॅमने थोड्या स्वस्त आयसींत एक गमतीदार तोडगा काढला. फ्रिक्वेन्सी वर गेली की थोडी खाली ढकलायची, खाली आली की वर ढकलायची, अखंड. इंग्रजीत त्याला 'हफ अँड पफ' म्हणतात. आपल्याकडे धाप लागल्यासारखं म्हणता येईल. मला तो उपाय आजही आवडतो, कारण सरकणारी फ्रिक्वेन्सी थांबणार नाही हे तो मान्य करतो आणि तरी काम भागवतो.

पेच सुटला तो वेगळ्याच वाटेने. मार्च १९७१ मध्ये टिअर्नी, रेडर आणि गोल्ड या तिघांनी अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यात कॉइल नव्हती, गँग नव्हता. होती फक्त बेरीज आणि साइनचं कोष्टक. ही युक्ती समजायला इलेक्ट्रॉनिक्स यावं लागत नाही. आपलं मैदान आठवलं तरी पुरे.

समजा, मैदानावर चुन्याने मोठं वर्तुळ आखलं आहे आणि त्यावर सारख्या अंतरावर ३६० ठिपके आहेत. एक मुलगा वर्तुळावर उभा आहे. पीटीचे सर ठरलेल्या तालात शिट्टी वाजवतात आणि प्रत्येक शिट्टीला मुलगा ठराविक ठिपके पुढे जातो. तो मधल्या रेषेपासून किती वर किंवा खाली आहे हे बाजूला बसलेला दुसरा मुलगा प्रत्येक शिट्टीला लिहून ठेवतो. लिहिलेले आकडे आलेखावर मांडले की सुरेख लाट तयार होते. मुलगा दर शिट्टीला १० ठिपके चालला तर ३६ शिट्ट्यांत एक फेरी, २० चालला तर १८ शिट्ट्यांत. म्हणजे शिट्टीचा ताल तोच, फक्त 'किती ठिपके' हा आकडा बदलला की लाटेची फ्रिक्वेन्सी बदलली. ७ ठिपके सांगितले तर ३६० ला सातने भाग जात नाही, पण काही बिघडत नाही. मुलगा सुरुवातीची जागा ओलांडून उरलेले ठिपके पुढे जातो आणि फेरी चालूच राहते.

शिट्टी म्हणजे क्रिस्टल. ते कधी हलत नाही. फिरवायचा तो आकडा. स्थिरपणा आणि फिरवता येणं, दोन्ही एकाच ठिकाणी आलं. उद्यमनगरात ज्यांनी काम केलं आहे त्यांना डिव्हायडिंग हेड आठवेल: हँडल मोजून फिरवायचं आणि गिअरचा एकेक दाता पाडायचा. तोच प्रकार, फक्त इथे विजेच्या गोलाचे भाग पडतात.

आता दुसरा मुलगा ती उंची मोजतो कशी? मोजत नाही. इतक्या अंशाला उंची किती, हे त्याच्याकडे कोष्टकात आधीच लिहिलेलं आहे. तेच आपलं लॉगटेबलातलं साइनचं पान! शून्य ते नव्वद अंश, सहा-सहा मिनिटांचे रकाने, उजवीकडे सरासरी फरक. नव्वदच्या पुढच्या कोनासाठी १८० मधून वजा करून त्याच पानावर परत यायचं, हे सरांनी किती वेळा फळ्यावर करून घेतलं होतं. चिप बनवणारेही साधारण तेच करतात. पूर्ण वर्तुळ साठवण्याऐवजी पाव वर्तुळ साठवतात आणि बाकीचं चिन्ह बदलून, उलटं वाचून भागवतात. तेवढीच जागा वाचते. "हे पुढे कुठे उपयोगाला येणार?" असं आपल्यातल्या ज्यांनी विचारलं होतं त्यांना उत्तर मिळालं आहे, जरा उशिरा.

थोडं विषयांतर, पण शाळेच्या अंकात चालेल. हे कोष्टक आपल्याकडे फार जुनं आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास पावणेचार अंशांच्या टप्प्याने चोवीस ज्यांचं कोष्टक दिलं. त्याने ज्या सरळ दिल्या नाहीत, त्यांच्यातले फरक दिले: २२५, २२४, २२२ असे. शिष्याने बेरीज करत पुढे जायचं. दर टप्प्याला मागच्या बेरजेत भर घालत पुढे जायचं, हेच काम या चिपमधला पहिला भाग करतो, जरी बेरीज ज्यांची नसून कोनाची असते. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ज्या काढण्याच्या रीतींवर ज्योत्पत्ती हे स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. आणि साइन हा शब्दही मूळ आपल्या 'जीवा'चाच. अरबीत तो जीबा झाला, मग चुकीच्या वाचनाने जैब, आणि त्याचं लॅटिन भाषांतर सायनस.

१९७१ मध्ये ही युक्ती चालवायला आयसींनी भरलेले बोर्ड लागत. रडार आणि मोठ्या प्रयोगशाळांना ते परवडायचं. दोन दशकांत तेच सगळं एका चिपमध्ये मावू लागलं. १९९० च्या सुमारास जपानी कंपन्यांच्या महागड्या हॅम संचांच्या जाहिरातींत डीडीएस ही तीन अक्षरं झळकू लागली. त्यांचा अर्थ डायरेक्ट डिजिटल सिंथेसिस. घरी बनवणाऱ्यांच्या हाती ती आली अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या एडी ९८५० या चिपमुळे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या क्यूईएक्स मासिकात ही चिप आणि एक छोटा मायक्रोकंट्रोलर वापरून घरी करता येईल असा फ्रिक्वेन्सी जनरेटर छापून आला, आणि मग ठिकठिकाणचे लोक तो करू लागले.

तिचे आकडे मला अजून थक्क करतात. सेकंदाला साडेबारा कोटी शिट्ट्या. वर्तुळावर ठिपके ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, म्हणजे दोनचा बत्तिसावा घात. दर शिट्टीला एकच ठिपका चाललं तर एक फेरी पुरी व्हायला चौतीस सेकंद लागतात. म्हणजे फ्रिक्वेन्सी एका हर्ट्झच्या चौतिसाव्या भागाने वरखाली करता येते. ७.०५ मेगाहर्ट्झ हवे असतील तर चिपला सांगायचा आकडा २४,२२,३६,१५५. काँग्रेस रेडिओच्या ७.०८ साठी २४,३२,६६,९४८. सगळे ठिपके कोष्टकात पाहणं शक्य नसतं, म्हणून कोनाचे वरचे १४ बिट घेऊन पाहतात. उत्तर १०२४ पायऱ्यांपैकी कुठल्यातरी एका पायरीवर बसवून व्होल्टेज म्हणून बाहेर देतात. आपल्या लॉगटेबलात चार आकडी उत्तर मिळायचं, म्हणजे अचूकपणात शाळेचं पुस्तक चिपच्या पुढे होतं. वेगाचं विचारू नका.

पण चिप छापील मंडलात दिसणं आणि कोल्हापुरात हाती येणं यात मोठं अंतर होतं. सुटे भाग आणायला आपण लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जायचो. तिथे साधे ट्रान्झिस्टर, टीव्हीचे भाग मिळत, ही मिळत नसे. कुणाचा पुतण्या अमेरिकेहून येणार असेल तर त्याच्या बॅगेतून यायची. आल्यावर पुढचा प्रश्न. चिपला अठ्ठावीस पाय आणि दोन पायांमध्ये पाऊण मिलिमीटरही जागा नाही. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग लावून, श्वास रोखून झाळावी लागे. दोन पायांत झाळ अडकली तर संपलं.

याच वेळी हैदराबादेत अगदी उलट दिशेने एक काम चाललं होतं, आणि माझ्या मते भारतातल्या घरगुती हॅम रेडिओच्या इतिहासात ते सर्वांत महत्त्वाचं आहे. अशर फरहान, संकेतनाम व्हीयू२ईएसई, यांनी बिटएक्स हा संच काढला. अट अशी की कोपऱ्यावरच्या दुकानात न मिळणारी एकही वस्तू त्यात नको. म्हणून ट्रान्झिस्टर साधे, फिल्टरला सरसकट मिळणारे दहा मेगाहर्ट्झचे क्रिस्टल, ट्रान्सफॉर्मरला टीव्हीच्या एरियलमधले बलून कोअर. आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारी कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली! परदेशी हॅम मंडळी त्या वॉशरबद्दल फार कौतुकाने बोलत. कोल्हापूरकराला मात्र नवल वाटू नये. याच गावात १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि दामले यांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवला आणि त्यावर चित्रपट काढले.

वॉशरची कॉइल मात्र सरकायचीच. हैदराबाद काय नि कोल्हापूर काय, मे महिन्यात ती दुपारी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे. २०१६ मध्ये बिटएक्स-४० हा तयार बोर्ड विक्रीला आला, तोही आधी कॉइलवर चालणाराच. मग त्यासोबत राड्युइनो नावाचा छोटा बोर्ड देऊ लागले: एक आर्डुइनो, एक पडदा आणि एसआय ५३५१ ही फ्रिक्वेन्सी देणारी चिप. २०१७ च्या अखेरीला सगळ्या पट्ट्यांवर चालणारा मायक्रो-बिटएक्स निघाला आणि जगभर गेला. सरकण्याचा प्रश्न त्या दिवसापासून मिटला.

शुद्धतावादी मंडळी इथे मला थांबवतील, म्हणून सांगून टाकतो. एसआय ५३५१ ही डीडीएस नव्हे. ती आतल्या वेगवान दोलकाला क्रिस्टलशी बांधते आणि मग अपूर्णांकाने भागते, म्हणजे फेज लॉक लूपचीच सुधारलेली नात. तिच्यातून साइनची लाट निघत नाही, चौकोनी निघते. पण तीन वेगळ्या फ्रिक्वेन्सी एकाच वेळी देते, पाय दहाच आहेत आणि किंमत डीडीएसच्या पासंगालाही नाही. त्यामुळे नव्या पोरांच्या संचात आता बहुधा तीच असते. एडी ९८५० चे तयार बोर्डही चीनहून येऊ लागले, तेही नुसत्या चिपच्या किरकोळ भावापेक्षा स्वस्त! ते भिंग लावून झाळणं आमच्या पिढीबरोबरच गेलं.

मग यात गेलं काय, हा प्रश्न आमच्यात अजून भांडणापर्यंत जातो. जुने हॅम म्हणतात, चिप लावून फ्रिक्वेन्सी तुम्ही बनवली नाही, मागवली. त्यात तथ्य आहे. कॉइलचा संच बिघडला तर मल्टिमीटर घेऊन रात्रभर बसून दोष सापडायचा. चिप गेली तर बदलायची, आणि तिचा प्रोग्रॅम कुणीतरी दुसऱ्याने लिहिलेला असतो. शिवाय चिपची लाट दिसते तितकी निर्मळ नसते. पायऱ्या मोजक्या असल्याने न मागितलेल्या ठिकाणीही बारीक सूर निघतात. ते फिल्टरने गाळले नाहीत तर आपला आवाज दुसऱ्याच्या पट्टीत जातो, आणि त्याला कायद्याने परवानगी नाही. चांगल्या बनवलेल्या कॉइलचा सूर कानाला आजही जास्त स्वच्छ लागतो, हे मी मान्य करतो. तरी माझं मत चिपच्या बाजूने आहे. चांगली कॉइल बनवायला चांगली उपकरणं लागत, आणि ती मोठ्या शहरातल्या, पैसेवाल्या हौशींकडे असत. कागलच्या किंवा गडहिंग्लजच्या पोराने काय करायचं? आज तो हजार-दोन हजारांत जी फ्रिक्वेन्सी काढतो ती टोकियोतल्या संचाइतकीच जागेवर असते.

आणि काही कामं कॉइलने झालीच नसती. नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर स्वतः हॅम आहेत. त्यांनी २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर ही पद्धत काढली. आम्ही तिला व्हिस्पर म्हणतो, म्हणजे कुजबूज. दोन मिनिटांच्या आत आपलं संकेतनाम, ठिकाण आणि ताकद एवढंच पाठवायचं, तेही चार सुरांत, आणि दोन सुरांमधलं अंतर फक्त दीड हर्ट्झ. सात मेगाहर्ट्झवर दीड हर्ट्झचं अंतर दोन मिनिटं सांभाळणं हे चिपचंच काम. पाव वॉटपेक्षाही कमी ताकदीत, म्हणजे टॉर्चच्या बल्बाएवढ्यात, ही कुजबूज समुद्रापलीकडे ऐकली जाते.

स्थिर फ्रिक्वेन्सी ही नुसती हौसेची चैन नाही, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम मंडळी संच घेऊन तिथे गेली होती. अशा वेळी दहा-पंधरा केंद्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने बोलतात. त्यातला एक संच सरकत राहिला तर प्रत्येक वेळी बाकीच्यांना त्याला शोधावं लागतं, आणि निरोप असतो औषधांचा किंवा माणसांचा. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, गावंच्या गावं वीज आणि फोनशिवाय होती. तुमच्यातल्या अनेकांनी ते दिवस काढले आहेत. २०२१ मध्ये पुन्हा तेच. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, झाडावर वायर टाकून वापरता येणारा आणि लावला तिथेच राहणारा संच प्रत्येक मोठ्या गावात एखादा असावा असं मला फार वाटतं. परवान्याच्या परीक्षेला बाराव्या वर्षापासून बसता येतं, तेव्हा आपली नातवंडंही पात्र आहेत.

संमेलनाच्या दिवशी मी माझा संच आणणार आहे. परवान्यावर घरचा पत्ता असल्याने तिथून बोलणार नाही, फक्त ऐकवणार. सात मेगाहर्ट्झ सकाळी चांगला चालतो, म्हणून कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच, नाश्त्याच्या वेळी या. दोन झाडांमध्ये वीस मीटर वायर बांधावी लागेल, त्याची परवानगी मागून ठेवली आहे. कुणाकडे जुनं लॉगटेबल शिल्लक असेल तर सोबत आणा, माझं वाळवीने खाल्लं.